कावळ्याला दिलेला शब्द

सांगलीत आमच्या शाळेचा फुटबॉलमध्ये अकरा-शून्य असा पराभव झाल्याची बातमी मला माहुलीच्या घाटावर कळली. त्या दिवशी माझ्या बायकोचा दहावा दिवस होता.

पिंड ठेवून दीड तास झाला होता आणि कावळा शिवत नव्हता. कावळे नव्हते असे नाही. समोरच्या झाडावर पंधरा-वीस तरी होते. माहुलीचे कावळे रोज आयता भात खाऊन माजलेले आहेत. कचेरीतला कारकून अर्जदाराकडे पाहतो तसे ते आमच्याकडे पाहत होते.

गुरुजी म्हणाले, "बाईंची काही इच्छा राहिलेली दिसते. आठवा."

घाटावर आलेल्या सगळ्या मंडळींना एकदम उत्साह आला. शरयू जिवंत असताना तिला काय हवे आहे हे यातल्या एकानेही विचारले नव्हते. त्यात मीही आलो. आता मात्र प्रत्येकाला तिची इच्छा तोंडपाठ होती.

माझे साडू गंगाधरपंत सांगलीहून आले होते. ते पुढे झाले. "पाटल्या," ते म्हणाले. "आपल्या पाटल्या चारुशीलेला मिळाव्यात असं वहिनींच्या फार मनात होतं." चारुशीला म्हणजे शरयूची धाकटी बहीण आणि गंगाधरपंतांची बायको. मी हात जोडून म्हणालो, "पाटल्या चारुशीलेला देईन." कावळे हलले नाहीत.

"काशीयात्रा म्हणा," मागून कोणी सुचवले. मी काशीयात्रा म्हणालो. एका कावळ्याने चोचीने पंख साफ केले.

"पुन्हा लग्न करणार नाही असं सांगून पाहा."

तेही सांगितले. त्यावर दोन कावळे उडूनच गेले. माझे वय त्रेपन्न, डोक्यावर केस नाहीत आणि पगार गणिताच्या मास्तरचा. या त्यागाची किंमत कावळ्यांनी बरोबर केली.

इतक्यात आमचे हेडमास्तर टांग्यातून उतरले. ते संघाबरोबर सांगलीला गेले होते आणि स्टेशनवरून थेट घाटावर आले होते. त्यांनी टोपी काढली, माझा हात हातात घेतला आणि मान हलवली.

"फार वाईट झालं, नारायणराव."

"हो," मी म्हणालो.

"अकरा-शून्य."

ते काय बोलत आहेत हे मला कळेपर्यंत बाकीच्यांना कळले होते. पिंड तिथेच राहिला आणि सगळे हेडमास्तरांभोवती जमले. "अकरा?" "एकही नाही?" "मग गोलकीपर काय पूजेला बसला होता?" माझ्या शेजारच्या वकिलांनी तर धोतराचा काच्या मारून गोलकीपरने कसे उभे राहायला हवे होते ते पायरीवर उभे राहून दाखवले.

गंगाधरपंत सांगलीच्या त्या शाळेच्या कमिटीवर आहेत. त्यांनी चेहरा दुःखाचाच ठेवला होता, पण मिशी हसत होती. "आमची पोरं बूट घालून खेळतात," ते मला समजावू लागले. "तुमच्या अनवाणी पोरांना ते कसं झेपणार? पुढच्या वर्षी येऊच नका. उगाच शोभा."

डोक्यावर ऊन, पोटात काही नाही, नऊ दिवसांची झोप नाही. मी त्यांच्यावर ओरडलो, "वर्षाच्या आत सांगलीला हरवून दाखवीन! मग तर झालं?"

मागे फडफड झाली. वळून पाहतो तर दोन कावळे पिंडावर बसले होते आणि तिसरा जागा शोधत होता.

सगळे पिंडाकडे वळले. शेवटी गुरुजींनी पंचा झटकला. "इच्छा कळली," ते म्हणाले आणि चपला घालून निघाले. त्यांना पुढच्या पायरीवर दुसरा पिंड होता.

ज्यांना हे हास्यास्पद वाटते त्यांना आमच्या घराची रचना सांगतो. आमचे मागचे दार शाळेच्या मैदानावर उघडते. मध्ये फक्त कमरेएवढी भिंत आहे. रोज संध्याकाळी शरयू मागच्या दारात पाट टाकून तांदूळ निवडायला बसे आणि मैदानावर पोरे खेळत. चेंडू भिंतीवरून आत येई. कधी तुळस मोडे, कधी वाळत घातलेले सांडगे उधळत, एकदा तर लोणच्याची बरणी फुटली. मग ती पोरांना असे काही फैलावर घेई की मी पुढच्या खोलीत वह्या तपासत असताना मलाही माझे काही चुकले असे वाटे. आम्हाला मूल नव्हते. बावीस वर्षांत मी त्या मागच्या दारात संध्याकाळचा एकदाही गेलो नाही. तिथे काय चालते हे मला आवाजावरून माहीत होते आणि तेवढे पुरेसे आहे असे मला वाटे.

घाटावरून घरी आल्यावर भांडी घासणाऱ्या अंबूबाईला मी विचारले. ती आमच्याकडे पंधरा वर्षे आहे.

"व्हय तर," ती म्हणाली. "वैनी रोज म्हनायच्या, अंबू, ह्या पोरांस्नी कुनीतरी शिकवाय पायजे. कशी मेंढरावानी एकाच जागी गोळा हुत्यात बघ. तुमाला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक नव्हते.

तेराव्याला जेवून हात धुताना हेडमास्तर म्हणाले, "नारायणराव, शब्द तुम्ही दिलात, तेव्हा संघ तुमच्याकडे. मनालाही जरा विरंगुळा." शाळेतले जे काम कुणालाच नको असते ते विरंगुळा म्हणून दुःखी माणसाला द्यावे, असा त्यांचा नियम आहे. हे सेहेचाळीस सालच्या जानेवारीत. फुटबॉल गोल असतो यापलीकडे मला त्या खेळाची माहिती नव्हती. आणि आठ दिवसांत साताऱ्यात माझे नाव कावळेमास्तर पडले. बत्तीस वर्षे त्रैराशिक शिकवून जे नाव झाले नव्हते ते एका कावळ्याने करून दिले.

आता सल्ले सुरू झाले. वकील म्हणाले, पोरांना बदाम द्या. बदाम ते देणार नव्हते, सल्ला देत होते. तालमीचे वस्ताद म्हणाले, सहा महिने नुसत्या बैठका काढा. एका ज्योतिषाने अकराही पोरांच्या पत्रिका मागवल्या आणि गोलकीपरला साडेसाती आहे असे सांगितले. अकरा गोल खाल्लेल्या मुलाबद्दल हे कुणीही सांगितले असते. हेडमास्तरांनी शाळेच्या कपाटातून फुटबॉलच्या नियमांचे इंग्रजी पुस्तक काढून दिले. त्यातले ऑफसाइडचे प्रकरण वाळवीने खाल्ले होते, त्यामुळे ऑफसाइड हा काय प्रकार आहे ते साताऱ्यात शेवटपर्यंत कुणाला समजले नाही.

शिकवायला मी हंबीररावांना धरले. हे कुंडलचे. पलटणीत होते, इटलीपर्यंत जाऊन आले होते आणि आता आमच्या शाळेत कवायत घेत.

"फुटबॉल?" ते म्हणाले. "आवं मास्तर, इटलीत रोज फुटबॉल! गोऱ्यास्नी रडवलंय आमी. तुमी निस्तं खुर्ची टाकून बसा."

मी खुर्ची टाकून बसलो. शिक्षक म्हणून मी संघाला एकच गोष्ट शिकवली. आमची पोरे फार उद्धट झाली होती. काही चांगले झाले की ओरडत सुटत. मी त्यांना बजावले, "काहीही चांगलं घडलं की आधी थोरांच्या पाया पडायचं. मग आनंद करायचा." हे मी त्यांच्याकडून रोज घोटून घेतले. या एका बाबतीत संघाची तयारी पहिल्या महिन्यातच पूर्ण झाली. बाकीच्या तयारीला एक अडचण होती. आमच्याकडे फुटबॉल नव्हता.

होता तो सांगलीत फुटला होता. नवा आणायला गेलो तर पुण्याच्या दुकानाने कळवले की कातडे आहे, आतले ब्लॅडर नाही. लढाई संपली तरी रबर सुटले नव्हते. परवानगी काढा.

परवानगीसाठी मी पुरवठा कचेरीत गेलो. कारकुनाने छापील फॉर्म दिला. रबर म्हणजे टायर-ट्यूब, असा त्या कचेरीचा समज होता. फॉर्मवर पहिला प्रश्न गाडीचा नंबर.

"गाडी नाही," मी म्हणालो. "फुटबॉल आहे."

"मग 'नाही' असं लिहा."

मी लिहिले. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा: गाडीचा नंबर दिलेला नाही. पुन्हा गेलो. कारकून म्हणाला, "तुम्ही असं करा, फुटबॉल ज्या गाडीतून नेता त्या गाडीचा नंबर द्या." मी म्हणालो, आम्ही तो काखेत मारून नेतो. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले. "तुम्हीच का ते कावळेमास्तर?" मग त्याने शेजारच्या दोघांना बोलावले. तिघांनी मला पाहून घेतले आणि अर्जावर 'चौकशी व्हावी' असा शेरा मारला. चौकशीला जून उजाडला. एक सर्कल इन्स्पेक्टर येऊन मैदान मोजून गेला. का, ते त्यालाही माहीत नव्हते.

तोवर पोरांनी चिंध्यांचा चेंडू केला. तो पावसात भिजून शेणाच्या गोळ्यासारखा झाला. एकाने घरचे पपनस आणले. ते पहिल्याच लाथेला फुटले आणि संघाने ते खाल्ले. शेवटी हंबीररावांनी पलटणीतला उपाय काढला.

"बंदुका नव्हत्या तवा आमाला काठ्या दिल्या व्हत्या. काठीबी नसली तर हात वर करायचा, बंदूक हाय असं समजायचं. चला रं! बॉल हाय असं समजा!"

आणि खरोखर बावीस पोरे दोन महिने, हवेतला चेंडू हवेत लाथाडत, मैदानभर धावत होती. सातारचे लोक भिंतीवर बसून बघत. एके दिवशी जोतिबा नावाचा आमचा पुढचा खेळाडू धावत गेला आणि त्याने नसलेल्या चेंडूचा गोल केला. गोलकीपर आकाराम म्हणाला, "गोल न्हाई! म्या धरला की!" जोतिबा म्हणाला, "कुठं धरलास रं? तुझ्या पायातनं गेला!" दोघे एकमेकांच्या गळ्याला गेले. हंबीररावांनी दोघांना सोडवले आणि नसलेला चेंडू तपासून पेनल्टी दिली. पेनल्टीही बाहेर गेली म्हणे.

त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि अंबूबाईपुढे म्हणालो, "सगळं शोधलं. साऱ्या जिल्ह्यात एक फुटबॉल मिळत नाही."

अंबूबाई परात घासत होती. मान वर न करता म्हणाली, "माळ्यावर चार हायेत की."

"कुठल्या माळ्यावर?"

"ह्याच. वैनींनी जप्त केल्याले. बरण्यांच्या मागं."

"आणि तू सहा महिने बोलली नाहीस?"

"तुमी कवा इच्यारलं?"

मी शिडी लावून माळ्यावर चढलो. लोणच्याच्या बरण्यांमागे, जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत एकेक गुंडाळून, चार फुटबॉल ओळीने ठेवले होते. प्रत्येकावर खडूने लिहिले होते. तिचे अक्षर लहान आणि उभे होते. एकावर 'तुळस. जोतिबा. आईने येऊन बोलावे.' दुसऱ्यावर 'सांडगे. कुणी ते कबूल करीत नाहीत.' तिसऱ्यावर 'बरणी. आकाराम. रडला, म्हणून रागावले नाही.' चौथ्यावर फक्त तारीख होती, तिला ताप आला त्याच्या आदल्या दिवसाची. मी बराच वेळ माळ्यावर होतो. खालून अंबूबाई ओरडली, "पडला का काय?"

मी ते लेखन पुसले नाही. पहिल्या दिवशी पोरांच्या लाथांनी ते पुसले गेले. त्याला इलाज नव्हता.

हंबीररावांनी सायकलच्या पंपाने हवा भरली. चारही चेंडूंनी हवा धरली. नसलेल्या चेंडूमागे दोन महिने धावलेल्या पोरांना खरा चेंडू सापडल्यावर ती थांबेनातच. माझ्यासारख्याला देखील काहीतरी जमते आहे असे वाटू लागले. तेवढ्यात दसरा आला.

खंडेनवमीला शाळेत शस्त्रांची पूजा असते. म्हणजे दौती, पट्ट्या, भूगोलाचा गोल आणि हंबीररावांची कवायतीची लाकडी बंदूक. हंबीररावांनी त्यात चारही फुटबॉल मांडले. गुरुजींनी यथासांग हळदकुंकू वाहिले, फुले वाहिली, आरती झाली. तिसऱ्या दिवशी सरावाला पोरे चेंडूभोवती गोल करून उभी राहिली. कुणी लाथ मारेना.

"काय झालं?" मी विचारले.

आकाराम म्हणाला, "मास्तर, देव हाय की आता त्यात. पाय कसा लावायचा?"

"अरे, दौतीची पूजा करता आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात टाक बुडवता ना?"

"टाक बुडवतो. लाथ न्हाई मारत."

याला गणितात उत्तर नव्हते. गुरुजींकडे गेलो. तेच हे, माहुलीचे. त्यांनी पंचांग उघडले आणि बंद केले. "आवाहन झालंय, विसर्जन झालेलं नाही," ते म्हणाले. "पाण्यात विसर्जन करा, मोकळे व्हाल." हे त्यांना पूजा करतानाही माहीत असणार. पण मग दोनदा दक्षिणा मिळाली नसती.

चारही चेंडू घेऊन आम्ही तळ्यावर गेलो. संघ होता, हेडमास्तर होते, आणि कावळेमास्तर आता काय बुडवतो ते बघायला निम्मे गाव होते. गुरुजींनी मंत्र म्हटले. हंबीररावांनी कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पहिला चेंडू पाण्याखाली दाबला. गुरुजी 'पुनरागमनाय च' म्हणाले, म्हणजे देवा पुन्हा ये, आणि चेंडू हंबीररावांच्या हातातून निसटून त्यांच्या हनुवटीवर आपटला. चारही वेळा असेच झाले. इतक्या तातडीने परत आलेली देवता गुरुजींनीही पाहिली नव्हती. लोक तळ्याच्या पायऱ्यांवर लोळायचे बाकी राहिले. भिजल्यामुळे दोन चेंडूंची शिवण गेली. उरलेल्या दोघांना पोरांनी एकदा नमस्कार केला आणि लाथा घालायला सुरुवात केली.

डिसेंबरात आम्ही सांगलीला गेलो. आदल्या दिवशी मुक्काम विश्रामबागेत गंगाधरपंतांकडे, कारण अकरा पोरांना फुकट जेवू घालणारे दुसरे कुणी नव्हते. चारुशीलेने वाढता वाढता विषय काढला.

"भावजी, ताईला कसला फुटबॉल कळतो? तिची इच्छा पाटल्यांचीच होती."

"मी पाटल्या म्हणालो तेव्हा कावळा आला नाही," मी म्हणालो.

"कावळ्याला उडायला वेळ लागतो. तुम्ही पाटल्या म्हणालात तेव्हाच तो निघाला असेल."

"तो काय पुण्याहून येत होता?"

गंगाधरपंत म्हणाले, "हे बघा, उद्या कळेलच. सांगली हरली तर इच्छा फुटबॉलची. नाहीतर पाटल्यांची." असे म्हणून त्यांनी आमच्या गोलकीपरला आग्रहाने सातवी पोळी वाढली.

सामन्याला मोठे लोक येणार होते. त्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून सांगलीच्या शाळेने सकाळपासून पखाली ओतून मैदान भिजवले होते. सांगलीची माती काळी. ती भिजली की काय होते हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितले असते, पण कमिटीवर शेतकरी नव्हते. खेळ सुरू होऊन दहा मिनिटे झाली आणि सांगलीच्या पोरांच्या बुटांना शेरशेर माती चिकटली. ती पोरे मेलेल्या बैलाला ओढावे तसे स्वतःचे पाय ओढू लागली. आमची अनवाणी पोरे त्यांच्या मधून पळत होती. गंगाधरपंत खुर्चीतून ओरडत होते, "बूट काढा रे!" पण बुटांच्या गाठी मातीत गेल्या होत्या.

दोन वेळा आम्ही गोल केला आणि दोन्ही वेळा रेफ्रीने शिट्टी वाजवून तो रद्द केला. मी हंबीररावांना विचारले, "का?"

"ऑफसाइड म्हनतोय."

"म्हणजे काय?"

हंबीरराव माझ्या कानाशी वाकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, खरं सांगू? म्या लंगरात व्हतो. भाकऱ्या भाजत. तितनं मैदान दिसायचं, पर निम्मंच. ह्यो ऑफसाइड दुसऱ्या निम्म्यात हुत असंल."

रागवायला वेळ नव्हता. संपायला चार मिनिटे असताना जोतिबा एकटा सुटला. सांगलीचा एक धिप्पाड गडी आडवा आला, घसरला आणि आपल्या बुटांसकट पालथा झाला. जोतिबाने लाथ घातली. त्यांचा गोलकीपर जागचा हललाच नाही, हलता येत नव्हते. गोल झाला. मी रेफ्रीकडे पाहिले. त्याने मैदानाच्या मध्याकडे हात केला. हा गोल खरा होता.

मी खुर्चीवरून उठलो. शरयूला सांगायला म्हणून डावीकडे वळलो. डावीकडे कुणी नव्हते. पाण्याची घागर होती.

पुन्हा समोर पाहिले तेव्हा सगळा संघ माझ्याकडे धावत येत होता. मी आमच्या गोलाच्या बाजूला रेषेबाहेर उभा होतो. जोतिबा पहिला वाकला. त्याच्या मागे बाकीचे ओळीने उभे राहिले. काही चांगले घडले की आधी थोरांच्या पाया पडायचे. अकराही पोरांच्या ते अगदी अंगात भिनले होते. मी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होतो आणि "यशस्वी व्हा" म्हणत होतो. ओळीत शेवटचा आकाराम होता. तो आमचा गोलकीपर आहे ही गोष्ट त्या क्षणी माझ्या लक्षात आली नाही. त्याच्याही आली नाही.

खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी कधी वाजली हे आम्हाला कळले नाही. सांगलीच्या पोरांनी मध्यावरून चेंडू घेतला आणि मातीचे पाय ओढत, कसलीही घाई नसताना, आमच्या रिकाम्या गोलात चालत नेऊन ठेवला. मी तेव्हा "यशस्वी व्हा" म्हणतच होतो.

मी रेफ्रीशी भांडलो. नमस्कार चालू असताना खेळ सुरू करता येतो का, हे नियमात दाखवा म्हणालो. तो म्हणाला, नियमात नमस्कार हा शब्दच नाही. माझ्याजवळच्या पुस्तकातही नव्हता, आणि हे वाळवीवर ढकलता येण्यासारखे नव्हते.

सामना बरोबरीत सुटला. एक-एक.

साताऱ्यात आमची मिरवणूक निघाली. अकरा-शून्यवरून एक-एक म्हणजे जवळजवळ विजयच, असे हेडमास्तरांनी भाषणात सांगितले आणि संघाची ही तयारी आपण वर्षभर मनावर घेतली होती असेही सांगितले. वकिलांनी बदामांचा उल्लेख केला. हंबीररावांना नारळ मिळाला. अंबूबाई दारात उभी राहून मिरवणूक बघत होती. मी आत आल्यावर ती म्हणाली, "निम्मं जितला म्हना की." मी म्हणालो, "शब्द निम्म्याचा नव्हता." ती म्हणाली, "न्हवताच. वैनींनी तर चेंडूच जप्त केला असता."

जानेवारीत वर्षश्राद्ध झाले. मला काळजी होती. घास घेऊन मी अंगणात गेलो, आणि पान खाली टेकायच्या आत कावळा आला. एकटाच आला, सगळे खाल्ले आणि गेला. गुरुजी म्हणाले, "पाहिलंत? तृप्त झाल्या." गंगाधरपंत म्हणाले, "म्हणजे पाटल्यांचीच इच्छा." हेडमास्तर म्हणाले, "म्हणजे बरोबरी चालते." त्या कावळ्याला भूक लागली होती असे कुणीच म्हणाले नाही.

मी शरयूला ओळखतो. निदान आता थोडी ओळखतो. वाटीभर साखर नेऊन शेजारीण सपाट वाटी परत आणायची, तर ती तिला शीग लावून आण म्हणून परत पाठवायची. ही बाई बरोबरी मान्य करणार नाही.

पाटल्या मी त्याच दिवशी चारुशीलेला देऊन टाकल्या. काशीलाही जाऊन आलो. तिथले कावळे आणखी माजलेले आहेत. दुसरे लग्न केले नाही, त्यासाठी काही प्रयत्न करावे लागले नाहीत. हंबीरराव ऑफसाइड शिकायला मिरजेच्या एका पेन्शनर सुभेदाराकडे जातात. संध्याकाळी मी वह्या घेऊन मागच्या दारात तिच्या पाटावर बसतो. परवा चेंडू येऊन नव्या तुळशीला लागला. मी तो जप्त केला, त्यावर खडूने नाव लिहिले आणि माळ्यावर ठेवला.

सांगलीला हरवायचे राहिले आहे.